चित्राला हात लावू नका

चित्राला हात लावू नका. प्रदर्शनाच्या त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं, की घरी मुलगी कॅलेंडरचं पान उलटायला गेली तरी माझ्या तोंडून तेच निघालं. बायको म्हणाली, "आता घराला तिकीट लावा."

माणसाला चित्र नुसतं डोळ्यांनी बघता येत नाही. आधी तो बोट लावतो. मग नखानं जरासं खरवडतो. आणि खरवडून झाल्यावर विचारतो, "ओरिजिनल आहे का हो?" आता काय सांगायचं? होतं, असं सांगावंसं वाटतं.

मी चित्रकार नाही, फ्रेमवाला आहे. मूळचा नांदेडकडचा, मुखेड तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं मी वसईजवळ सातिवलीला प्लास्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या एका गाळ्यात आलो. तिथला वास मला सोसेना. रोज उलट्या. एकदा मालकाच्या फोटोची फुटलेली काच बदलायला मला वसई गावात पाठवलं. फ्रेमच्या दुकानात जोसेफकाका होते. त्यांनी माझ्याकडं बघून काचेच्या आधी पाणी दिलं आणि विचारलं, "जेवतोस की नाही?" त्यानंतर मी गाळ्यात फार दिवस राहिलो नाही. काका आता नाहीत. दुकान मी चालवतो. पाटीवर नाव त्यांचंच आहे आणि मी असेपर्यंत तेच राहील.

अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हटलं, तर धंदा आधी सांगतो. लोकांना वाटतं, चार पट्ट्या आणि एक काच, झाली फ्रेम. पट्टीचा कोपरा तिरका कापावा लागतो. पहिले तीन कोपरे मुकाट्यानं बसतात, आणि तिन्हींत मिळून झालेली केसाएवढी चूक चौथ्या कोपऱ्यात तोंड उघडते. त्यात वसईची हवा. समुद्र जवळ, केळी-पानवेलीच्या वाड्यांत पाणी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आखडतं. फोटोला काच लागते. तैलचित्राला लावायची नसते, त्याला हवा लागते. हे गिऱ्हाइकाला समजावता समजावता माझे केस पिकले. "काच नाही, मग पैसे कशाचे?" असं विचारणारा माणूस आजही महिन्याला एक तरी येतोच.

आमच्या दुकानात एक प्रश्न जपून विचारावा लागतो. कुणी म्हाताऱ्या माणसाचा फोटो आणला की काका हळूच विचारायचे, "वर दोन खिळे देऊ का?" म्हणजे हार अडकवायला. त्यावरून माणूस आहे की गेला ते कळायचं, आणि कुणाला 'वारले' हा शब्द उच्चारावा लागायचा नाही. मी नवा असताना एका बाईंना मी हे विचारलं. त्यांच्यामागं उभे असलेले आजोबा म्हणाले, "अजून नको रे, फोटो आजच काढलाय."

गिऱ्हाइकं एकेक असतात. आगाशीचे एक बागायतदार बँकेचं कॅलेंडर घेऊन आले. त्यावर केळीचा घड. म्हणाले, "हे झाड आमचं आहे." मी म्हटलं, छपाई कुठली तरी दक्षिणेकडची दिसते. "झाड ओळखत नाही होय मी माझं?" म्हणून रागावले. करून दिली फ्रेम, चांगली सागवानी. दुसरं एक जोडपं स्टेशनच्या पूर्वेच्या नव्या इमारतीतलं. त्यांचा लग्नाचा मोठा फोटो आम्ही बसवला. भांडण झालं की नवरा येऊन फ्रेम रिकामी करून मागायचा, मिटलं की बायको फोटो घेऊन यायची. तिसऱ्या खेपेला काकांनी मागच्या बाजूला खिळ्यांऐवजी फिरवायच्या कड्या लावून दिल्या. "आता घरच्या घरी करा."

पण सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. तेच, ज्यांच्या चित्रांचं हे प्रदर्शन. शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळा गाव मास्तर म्हणायचा. मुंबईच्या मोठ्या गॅलऱ्यांमधून बोलावणी आली तरी गेले नाहीत, कारण म्हणे तिथं चहा बरा मिळत नाही. वाड्यांमधली माणसं काढायचे. पाटाला पाणी सोडणारा, पानवेलीवर चढलेला, भाजीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई. आणि ज्याचं चित्र काढलं त्यालाच देऊन टाकायचे. दुकानात यायचे ते ओला रंग असलेला कॅनव्हास सायकलला उभा बांधून. वाटेत त्यावर माश्या बसायच्या, त्या चिमट्यानं काढायचं काम माझं. आणि वर फ्रेमवरून भांडण. एकदा काकांनी हौसेनं सोनेरी पट्टी लावली तर म्हणाले, "जोसेफ, तुझी पट्टी माझ्या आभाळापेक्षा जास्त चमकते." काका म्हणाले, "मग आभाळ नीट काढायचं." दोघं महिनाभर बोलले नाहीत. पण रोज सकाळी मास्तर दुकानासमोरून जाताना घंटी वाजवायचे.

मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. आता गावातल्या लोकांनी एक समिती केली आणि घराघरांतून त्यांची चित्रं गोळा करून चर्चच्या शाळेच्या हॉलमध्ये मांडायचं ठरवलं. समितीचे प्रमुख विल्यम सर, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. माणूस चांगला, पण प्रत्येक कामाला "बालाजी, एवढंच जरा" म्हणतात आणि ते एवढंच कधी नसतं. चित्रं आणणं, दुरुस्त करणं, टांगणं आणि दिवसभर राखणं, सगळं माझ्याकडं आलं. मास्तरांच्या बहुतेक फ्रेमा आमच्याच दुकानच्या होत्या, तेव्हा नाही म्हणणं शक्य नव्हतं. तसंही मला नाही म्हणता येत नाही. परमुलखात पोट भरायला आलेला माणूस पहिली काही वर्षं सगळ्याला हो म्हणतो, आणि मग ती सवयच पडते.

चित्रं गोळा करताना मी काय काय बघितलं! एका घरी चित्र फ्रीजच्या मागं. एका घरी ट्यूबलाइटचा पत्रा थेट फ्रेमवर स्क्रूनं मारलेला. आणि एका घरी मास्तरांच्या आभाळात भिंतीवरचं घड्याळ. खिळा सरळ ढगात ठोकलेला. मी खिळ्याकडं बघत राहिलो, तर मालक म्हणाले, "घड्याळ नेऊ नका हं, फक्त चित्र न्या."

आणि सगळ्यांत चांगलं जपलेलं चित्र होतं जवळच्या गिरीज गावात, जोसेफकाकांच्याच घरी. केळीच्या वाडीत लाल लुगडं नेसलेली तरणी बाई उभी आहे, कमरेवर हात, आणि चित्र काढणाऱ्यावरच जरा चिडल्यासारखी बघते आहे. ती फिलूकाकी. जोसेफकाकांची बायको. लग्न होऊन नुकती आली होती तेव्हा मास्तरांनी काढलेली. मी या घरात पहिल्यांदा जेवलो तेव्हा हे चित्र माझ्यासमोर होतं आणि खरी काकी मागं उभी राहून ताटात भात वाढत होती, त्यामुळं दोन्हीकडून कुणीतरी रागावतंय असं वाटून मी चार घास जास्तच जेवलो.

काकी आता ऐंशीच्या पुढं आहे. प्रदर्शन संपलं की दुसऱ्या दिवशी ती मुलीकडं, ग्रेटाकडं, पुण्याला कायमची राहायला जाणार होती. चित्र बरोबर नेणार होती. लग्नाचे फोटो एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा गेले. चित्र भिंतीवर उंच होतं म्हणून राहिलं. ती तरणी असताना कशी दिसायची याचा दुसरा पुरावा जगात नाही. विल्यम सर दोनदा मागायला गेले, तिनं दिलं नाही. मग मी गेलो.

"नेतोस?" ती म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तर."

"सरांच्या भरवशावर नाही देत. तुझ्या भरवशावर देते. जशी आहे तशी परत आण."

"जशी आहे तशी आणतो."

"आणि नाव लिहू नका खाली. नाहीतर बघायला लोक घरी येतील. आता बघायला काय राहिलंय? काठी आणि गुडघे."

म्हणून चित्राखाली आम्ही एवढंच लिहिलं : लाल लुगड्यातली बाई, खासगी संग्रह. आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ज्या माणसांनी मला ताटावर बसवलं त्यांची एवढीच वस्तू माझ्या हातात, आणि समोर वसई-विरारची अख्खी जनता.

उद्घाटनाला पाहुण्यांनी समई लावली. समई कुठं ठेवली, तर बरोबर चित्राखाली. धूर वर, चित्र वर. मी ती उचलून दाराशी नेऊन ठेवली तर कुणीतरी म्हणालं, "अहो, फ्रेमवाले, पाहुण्यांचा फोटो व्हायचाय अजून." परत आणली. फोटो झाला, परत नेली. मग विल्यम सर आले. "बालाजी, एवढंच जरा, समई मध्ये ठेवा, पत्रकार आलेत."

लोक मात्र खूप आले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आगाशीहून, नालासोपाऱ्याच्या इमारतींमधून, शाळांच्या रांगा. पण काय एकेक प्रश्न! "एवढं मोठं काढायला रंग किती लागला असेल?" "हे मोबाइलवर होतं ना आता?" एक गृहस्थ प्रत्येक चित्रासमोर उभे राहून ओळखीच्या माणसाला फोनवर सांगत होते, "अरे, सेम आपल्या कामवालीसारखी दिसते." एका मुलानं विचारलं, "काका, यातलं तुम्ही कोणतं काढलं?" मी म्हटलं, "कडेकडेचं." त्यानं मान डोलावली, कडा नीट बघितल्या आणि म्हणाला, "मस्त आहे." सबंध प्रदर्शनात माझं कौतुक झालं ते एवढंच, आणि तेही मला गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यापेक्षा वाईट घरवाले. ज्यांची चित्रं होती ते. "आमच्या पपांना पंख्याखाली का टांगलं? हलतात ते." हलवलं. "आमचे आजोबा दाराजवळ कशाला? ते काय दारवान होते?" हलवलं. मग दोन घरं एकदम आली. त्यांचे आजोबा मी शेजारी शेजारी टांगले होते, उंची सारखी म्हणून. तर या दोघांचा वाडीतल्या सामाईक विहिरीवरून जन्मभर वाद! "ते एकमेकांच्या मयतीला गेले नाहीत आणि तुम्ही इथं मांडीला मांडी लावून बसवलंत?" दोन्ही घरांचं यावर एकमत. मी एकाला उत्तरेच्या भिंतीवर नेलं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की आता ते समोरासमोर बघताहेत.

आणि मग हार सुरू झाले.

पहिला हार खरोखर कारणानं आला. एका आजोबांची पुण्यतिथी होती, नातवंडांनी झेंडूचा हार आणला. विल्यम सर विरघळले. "एकच आहे, घालू द्या." मी सांगायचा प्रयत्न केला, की सर, फूलवाला हारावर पाणी मारतो, आणि कॅनव्हास म्हणजे कापड, ते भाकरीसारखं पाणी ओढतं, मागून रंग सुटतो. सर म्हणाले, "एकाच दिवसाचा प्रश्न आहे." दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरानं बघितलं. त्यांचे आजोबा काय बेवारशी? तिसऱ्या दिवशी अमक्यांचा मोठा हार, मग तमक्यांचा त्याहून मोठा. एक जण माझ्याकडंच आला, "वर दोन खिळे मारून द्या ना, हार घसरतोय." मास्तरांच्या फ्रेमेला खिळे! मी प्रत्येक हार काढायचो, प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली जमिनीवर ठेवायचो, आणि घरवाले प्रत्येक वेळी म्हणायचे, "आमच्या माणसाला आम्ही हार घालू नये?"  मग मी दोरा लावून हार चित्रापासून लांब, हवेत टांगायची युक्ती काढली. झालं. हॉल असा दिसायला लागला की लोक दारात चपला काढून आत येऊ लागले आणि हळू आवाजात बोलू लागले. एका बाईंनी मला विचारलं, "दहावं कधी आहे?"

स्वयंसेवकांत मुळेबाई म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या. पूर्वेला राहतात, रोज दोन बस बदलून यायच्या, मुलांना चित्रं समजावून सांगायच्या. अतिशय चांगल्या बाई. चांगल्या माणसांचीच मला भीती वाटते. त्या रोज लाल लुगड्यातल्या बाईसमोर थांबायच्या आणि मला म्हणायच्या, "हिचं कुणी येत नाही का हो? सगळ्यांची माणसं येतात. बिचारी."

नाव सांगायचं नाही असा शब्द मी दिलेला. मी म्हटलं, "येतील, येतील."

शेवटच्या दिवशी दुपारी काकी येणार होती. ग्रेटाची गाडी थेट हॉलवर येणार, काकी एकदा प्रदर्शन बघणार आणि संध्याकाळी चित्र घेऊनच घरी जाणार. मी सकाळपासून त्या चित्राजवळून हललो नव्हतो. पाच वेळा मागून-पुढून तपासलं. ओरखडा नाही, डाग नाही, फ्रेमचा कोपरा जागच्या जागी. मनात म्हटलं, काका, निभावलं बघा. तेवढ्यात विल्यम सर आले. "बालाजी, एवढंच जरा, समारोपाची प्रमाणपत्रं फ्रेम करून हवीत." मी म्हटलं, सर, आत्ता? "तुमचं दुकान तर इथंच आहे." गेलो. जीव हॉलमध्ये आणि हात दुकानात. घाईत एका प्रमाणपत्राची काच चिरली, ती परत कापली. परत आलो तो दारात ग्रेटाची गाडी उभी आणि काकी काठी टेकत उतरत होती.

मी प्रमाणपत्रं सरांच्या हातात कोंबली आणि काकीचा कोपरा धरला. ती एकेक चित्र बघत चालली. सगळी तिच्या ओळखीची माणसं. "हा पावलू. एवढं सरळ नव्हतं नाक याचं, मास्तरांनी भीड राखली." पुढं, "ही बघ, हिनं माझी कोंबडी पळवली होती." मला हसू येत होतं, आणि मग माणसांच्या खांद्यांमधून मला समोरच्या भिंतीवर पिवळं काहीतरी दिसलं.

लाल लुगड्यातल्या बाईला हार होता. झेंडूचा, जाडजूड, ताजा, पाणी गळत असलेला. दोरा नाही, अंतर नाही, थेट फ्रेमेवरून कॅनव्हासवर. आणि तिच्या कपाळापासून गालावरून मानेपर्यंत एक पिवळा ओघळ.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक कॅनव्हासची. आणि दुसरी अशी, की ही बाई जिवंत आहे, माझ्या हाताला धरून चालली आहे, आणि तिच्या गळ्यात आम्ही मेल्या माणसाचा हार घातलाय.

"काकी, आधी चहा घेऊ," मी म्हटलं.

"घरी प्यायले."

"मग बसा जरा. गुडघे."

"गुडघ्यांना मी सांगून आणलंय." ती चालत राहिली आणि चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

तिथं मुळेबाई होत्या. त्यांना काय माहीत? प्रेमानं काकीला म्हणाल्या, "किती गोड चेहरा आहे ना? सगळ्यांना हार होते, हिलाच नव्हता. रोज वाईट वाटायचं. म्हणून आज मीच आणला. तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

काकीनं चित्राकडं बघितलं. "ओळखीची आहे. बरी आहे तशी. तोंडानं जरा फटकळ."

"कशानं गेल्या?"

"अजून गेली नाही. उद्या जाणार, पुण्याला."

मुळेबाईंनी एकदा चित्राकडं बघितलं, एकदा काकीकडं. कमरेवर हात तोच होता. बाईंचं तोंड उघडं राहिलं आणि डोळे भरले. "अगं बाई! अहो, माफ करा, मला वाटलं..."

"रडताय कशाला?" काकी म्हणाली. "माझी पोरगी पुण्याला, पोरगा परदेशी. वेळेवर कोण हार आणतंय? तुम्ही आधीच घातलात, बरं झालं. पण झेंडू कशाला आणला? गिरीजला मोगरा काय कमी आहे?"

मी तोवर हार उतरवला होता. उतरवताना आणखी पाणी गळलं. खिशातून सुती रुमाल काढला. हे काम घासून करायचं नसतं, नुसता रुमाल टेकवायचा, पाणी वर उचलून घ्यायचं, चित्र आडवं ठेवून वाळू द्यायचं. मी लोकांना मागं सारत होतो. तेवढ्यात विल्यम सर आले. "बालाजी! हे काय झालं? तुम्ही कुठं होता?"

कुठं होता! मी त्यांच्याकडं वळलो. एवढ्या वर्षांत मी सरांकडं असं बघितलं नसेन. आणि मी पाठ फिरवली त्या क्षणात काकीनं साडीच्या पदराचं टोक तोंडात घातलं, ओलं केलं आणि चित्राच्या गालावर टेकवलं.

"काकी!" मी ओरडलो. "हात लावू नका! आठवडाभर घसा फोडून सांगतोय माणूस! तुम्हीसुद्धा? तुम्हाला तरी कळायला नको?"

 माझा आवाज मलाच परत ऐकू आला.

विल्यम सर म्हणाले, "बाई, काय करताय! ही कलाकृती आहे. मास्तरांचं चित्र आहे ते."

"चित्र मास्तरांचं," काकी म्हणाली. "तोंड माझं."

आणि पुसत राहिली. घासत नव्हती. रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघताना दारात उभं करून पोराचं तोंड पुसतात, तशी. हळूहळू, पदराची जागा बदलत, पुन्हा ओलं करून. मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. कुठं धरणार? ती चित्राला हात लावत होती की स्वतःला, याचा नियम मला कुणी शिकवलेला नाही.

पिवळा ओघळ गेला. पण त्याच्याबरोबर आणखीही काहीतरी निघालं. काकीच्या घरी हे चित्र आल्तारच्या, म्हणजे घरच्या देव्हाऱ्याच्या, बाजूला होतं, खाली रोज मेणबत्त्या जळायच्या. त्यांचा धूर इतकी वर्षं त्या गालावर बसला होता आणि आम्ही सगळे त्यालाच चित्राचा रंग समजत होतो. पदर काळा झाला आणि चित्रातल्या बाईचा एक गाल उजळ निघाला. दुसरा तसाच, तपकिरी. अर्धं तोंड धुतलेलं.

काकी दोन पावलं मागं सरली.  मग मला म्हणाली, "बघितलंस? एवढी काळी नव्हते मी."

विल्यम सर खुर्चीवर बसले. मुळेबाई रडता रडता हसायला लागल्या. मी म्हटलं, "काकी, हे असं अर्धवट ठेवता येणार नाही. मुंबईला जुनी चित्रं साफ करणारा माणूस आहे. मी स्वतः नेतो, तो सगळं एकसारखं करून देईल. पुण्याला नंतर पोचवतो."

"नको."

"अहो, विचित्र दिसतंय."

"दिसू दे. हा गाल माझा. तो धूर जोसेफसाठी लावलेल्या मेणबत्त्यांचा आहे. तो कशाला काढतोस?"

 रुमाल टेकवून टेकवून मी पाणी उचललं. मागची बाजू बघितली. कापड भिजलं नव्हतं, देवाची कृपा. वाळल्यावर चित्र मऊ कापडात आणि जाड पुठ्ठ्यात बांधलं, कोपऱ्यांना चिंध्या लावल्या. जशी आहे तशी आणतो असा शब्द दिला होता आणि ती तशी नव्हती. ते ओझं माझ्या मनावर आहे. पण ज्यांना शब्द दिला त्यांनीच तो मोडला, तर फ्रेमवाल्यानं काय करावं?

चित्र गाडीच्या मागच्या सीटवर उभं बसवलं. काकी त्याच्या शेजारी. ग्रेटानं सीटबेल्ट लावला, आधी चित्राला, मग आईला.

काकीनं काच खाली केली. "ओरडलास माझ्यावर."

"ओरडलो."

"आजवर कधी ओरडला नव्हतास."

"आजवर तुम्ही थुंकी लावून चित्र पुसलं नव्हतं."

"सगळ्यांसमोर ओरडलास."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही." तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा कान धरला, चांगला पिळला, आणि तसाच धरून ग्रेटाला म्हणाली, "चल गं. याला आता तोंड फुटलंय, थांबलो तर सगळा हिशेब काढेल." मग कान सोडला. "पुण्याला ये. बायको-पोरीला घेऊन ये. आणि तू ये म्हणजे भिंतीला खिळा तूच मार, जावयाला जमणार नाही."

गाडी निघाली. शाळेच्या फाटकापुढं रस्त्यात एक गतिरोधक आहे, दिसत नाही असा. मी मागं धावलो. "ग्रेटा! हळू! पुढं गतिरोधक आहे! काकी, चित्र सोडा, सीट धरून बसा!"

गाडी गतिरोधकावरून तशीच उडाली. सांगितलेलं कुणी ऐकेल तर शपथ.